खेळाडूचा गुडघा: दुखापत ओळखण्यापासून मैदानावर परतण्यापर्यंत

गुडघा हा शरीरातला सर्वांत मोठा सांधा. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढच्या बाजूला वाटी, अशी तीन हाडे त्यात एकत्र येतात. खुब्याच्या सांध्यात हाडाचे गोल डोके खोल खळग्यात घट्ट बसलेले असते, त्यामुळे तो सहसा निखळत नाही. गुडघ्याला असा आधार नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलाकार टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. त्यांना जागेवर ठेवण्याचे काम अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, आणि भोवतालचे स्नायू करतात. त्यामुळे धावता धावता अचानक वळणाऱ्या, उडी मारून एका पायावर उतरणाऱ्या खेळाडूचा गुडघा या दोरांच्या आणि स्नायूंच्या ताकदीवरच टिकून असतो.

मुख्य अस्थिबंध चार. सांध्याच्या आत एकमेकांना छेद देऊन जाणारे दोन: पुढचा तो एसीएल आणि मागचा तो पीसीएल. एसीएल नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा पिळवटू देत नाही. आतल्या बाजूला एमसीएल आणि बाहेरच्या बाजूला एलसीएल हे दोन पट्टे गुडघ्याला आडवे वाकू देत नाहीत. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना वैद्यकात मेनिस्कस म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात ‘लिगामेंट गेलं’ आणि ‘गादी फाटली’ हे दोन शब्दप्रयोग सर्रास येतात. पण या दोन वेगळ्या दुखापती आहेत. त्यांचे उपचार वेगळे आणि बरे होण्याचा काळही वेगळा. ‘लिगामेंट गेलं’ एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही. कोणते लिगामेंट, पूर्ण तुटले की अर्धवट, सोबत गादीही फाटली का, हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

दुखापत होते कशी

गुडघ्याची मोठी दुखापत म्हटली की समोरच्याने मारलेला टॅकल डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात एसीएल तुटण्याच्या बहुतेक घटनांत, साधारण दहापैकी सातांत, कोणाचा थेट धक्का लागलेलाच नसतो. खेळाडू वेगात धावत असतो, बचावपटूला चकवण्यासाठी एक पाय रोवून वळतो किंवा हेडरसाठी उडी मारून एका पायावर उतरतो. पाऊल जमिनीत रुतलेले, गुडघा जवळजवळ सरळ, वरचे अंग वळलेले, आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. पुष्कळांना त्या क्षणी ‘कट’ असा आवाज येतो किंवा आत काहीतरी सुटल्यासारखे वाटते. पुढच्या दोन-चार तासांत गुडघा फुगतो, कारण अस्थिबंधाबरोबर बारीक रक्तवाहिन्या फाटून सांध्यात रक्त साचते. इतक्या झपाट्याने आलेली सूज ही एसीएल तुटल्याची किंवा सांध्याच्या आत दुसरी मोठी इजा झाल्याची ठळक खूण आहे.

गादी फाटण्याची लक्षणे वेगळी. सूज बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते. सांध्याच्या रेषेवर बोट दाबले की दुखते. उकिडवे बसताना कळ येते. फाटलेला तुकडा दोन हाडांत अडकला तर गुडघा मध्येच अडकतो आणि पूर्ण सरळ होत नाही. असा अडकलेला गुडघा जोर लावून सरळ करू नये. त्या खेळाडूला त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे.

बाहेरून गुडघ्यावर मार बसला की आतला एमसीएल ताणला जातो. फुटबॉलमध्ये हे वारंवार घडते आणि सुदैवाने हा अस्थिबंध शस्त्रक्रियेविना भरून येण्यात सर्वांत चांगला. हलका ताण दोन आठवड्यांत बरा होतो, मध्यम तीन-चार आठवडे घेतो, पूर्ण फाटला तर दोन महिने किंवा अधिक. वाकलेल्या गुडघ्यावर आपटल्यावर इजा होते ती पीसीएलला. गोव्यात सरावाला दुचाकीवरूनच जाणे होते, आणि दुचाकी घसरून नडगी पुढून आपटणे हे पीसीएल दुखावण्याचे एक मोठे कारण आहे. ‘मैदानावर काही झाले नाही’ म्हणून अशा गुडघ्याकडे दुर्लक्ष होते. तसे होऊ देऊ नये.

मैदानाचा पृष्ठभागही यात भागीदार असतो. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत भात कापून झाले की शेतातच गोलपोस्ट उभे राहतात. एप्रिल-मे येईपर्यंत तीच जमीन टणक होते, वर खडे आणि भेगा. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक सामन्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कोरड्या, कडक मैदानांवर एसीएलच्या दुखापती जास्त आढळल्या, कारण तिथे बुटाची पकड अधिक घट्ट बसते आणि वळताना पाऊल सुटत नाही. कडक जमिनीवर लांब, धारदार स्टडचे बूट वापरण्यापेक्षा पुष्कळ छोट्या खुंट्यांचे बूट सुरक्षित. पावसाळ्यात प्रश्न उलटा: चिखलात पाय घसरतो आणि खड्ड्यात अडकतो. वास्कोच्या टिळक मैदानासारखी निगा राखलेली मैदाने मोजकीच आहेत. गावच्या मैदानावर सामन्याआधी दोघांनी फेरी मारून खड्डे बुजवणे आणि दगड वेचणे हे काम क्लबने नेमून द्यायला हवे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एकाच खेळात, सारख्याच पातळीवर खेळताना मुलींना एसीएलची दुखापत मुलांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात होते. शरीराची ठेवण हे त्याचे एक कारण आहे. पण उडीवरून उतरण्याची पद्धत, स्नायूंची ताकद आणि लहानपणापासून मिळालेले प्रशिक्षण यांचाही त्यात मोठा वाटा आहे, आणि या तिन्ही गोष्टी सुधारता येतात. २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे काही सामने फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर झाले. त्यानंतर मैदानात उतरणाऱ्या मुलींना मुलांच्या सरावात नुसते सामावून घेणे पुरेसे नाही. उतरण्याचा आणि थांबण्याचा वेगळा सराव त्यांना द्यायला हवा.

पहिले तीन दिवस

गुडघा मुरगळल्यावर खेळाडूला उठवून चालायला लावणे आणि ‘बघ, ठीक आहे’ म्हणत परत मैदानात पाठवणे ही सर्वांत घातक चूक. एसीएल तुटलेला खेळाडूही पाच-दहा मिनिटांनी चालू शकतो, कधी कधी हळूहळू धावतोही. पुढच्या वळणावर तोच गुडघा निसटतो आणि तोवर शाबूत असलेली गादीही फाटते. आवाज आला असेल, गुडघा निसटला असेल किंवा सूज चढत असेल तर त्या खेळाडूचा सामना तिथेच संपला, असा नियम असावा.

बाहेर आणल्यावर पाय हृदयाच्या उंचीपेक्षा वर ठेवावा, क्रेप बँडेज बोटे बधिर होणार नाहीत इतपत घट्ट बांधावे आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे धरावा. दर दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजते. पहिले दोन-तीन दिवस शेक, मद्य आणि मालिश या तिन्ही गोष्टी वर्ज्य. गावात अजूनही गरम तेल चोळून, ओढून-ताणून गुडघा ‘बसवून’ देणारे जाणकार असतात आणि लोकांची त्यांच्यावर श्रद्धा असते. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण ताज्या रक्तस्रावावर चोळणे म्हणजे रक्तस्राव वाढवणे, आणि तुटलेला अस्थिबंध ओढून जुळत नाही. या दिवसांत घालवलेला वेळ पुढे महिन्यांनी भरून काढावा लागतो.

क्ष-किरण कधी काढावा याचे सोपे निकष आहेत. खेळाडू दुखापतीनंतर आणि इस्पितळात पोहोचल्यावरही चार पावले टाकू शकत नसेल, गुडघा काटकोनात वाकत नसेल, फक्त वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खालच्या हाडाच्या टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा वय ५५ वा त्याहून अधिक असेल तर हाड मोडले नाही ना हे त्याच दिवशी पाहावे. पाय थंड पडला, बोटे निळी झाली किंवा गुडघा जागेवरून हललेला दिसला तर तातडीने मोठ्या इस्पितळात न्यावे. वास्कोच्या खेळाडूला चिखली येथील उपजिल्हा इस्पितळ जवळ. झुवारी पूल ओलांडला की बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ. पेडणे आणि डिचोलीकडच्या खेळाडूला म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा थेट गोमेकॉ.

निदान आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

अनुभवी डॉक्टर हाताने तपासूनच बरेच काही सांगू शकतात. खेळाडू पाठीवर झोपलेला, गुडघा थोडासा वाकवलेला; डॉक्टर एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतात. एसीएल शाबूत असेल तर नडगी मध्येच एकदम अडते. तुटला असेल तर ती सैल सरकत राहते. दुसरा, चांगला गुडघा नेहमी सोबत तपासतात, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. ताजी सूज आणि दुखणे असेल तेव्हा स्नायू आखडलेले असतात आणि ही तपासणी चुकू शकते. म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासून घेणे शहाणपणाचे. एमआरआयमुळे अस्थिबंध, गादी आणि कूर्चा यांचे चित्र स्पष्ट होते. मात्र केवळ अहवालावर शस्त्रक्रिया ठरवणारा डॉक्टर असेल तर दुसरे मत जरूर घ्यावे.

पूर्ण तुटलेला एसीएल आपोआप पूर्वीसारखा जुळेल याची खात्री देता येत नाही. तरीही प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका चाचणीत १२१ तरुण, सक्रिय रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला आधी व्यायाम, आणि गरज वाटली तरच नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फारसा फरक दिसला नाही, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. फुटबॉल, कबड्डी, खो-खो, कुस्ती अशा वळणाच्या खेळांत परतायचे असेल, गुडघा वारंवार निसटत असेल किंवा जोडता येण्याजोगी गादी फाटली असेल तर शस्त्रक्रियेकडे कल झुकतो. धावणे, पोहणे, सायकल एवढेच करायचे असेल तर आधी तीन महिने नीट व्यायाम करून पाहणे रास्त.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातला स्नायुबंध बसवतात. बहुधा मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचा, वाटीखालचा किंवा मांडीच्या पुढच्या स्नायूचा. गादीच्या बाबतीत एकच आग्रह धरावा: टाके घालून वाचवता येत असेल तर कापून टाकू नये. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथली फाट जुळते, आतली सहसा जुळत नाही. गादी कापली की खेळाडू लवकर परततो, कधी सहा आठवड्यांत. टाके घातले तर चार ते सहा महिने थांबावे लागते. पण गादी गमावलेल्या गुडघ्यात झीज लवकर सुरू होते. वीस वर्षांच्या मुलाने पुढच्या एका हंगामासाठी चाळिशीतला गुडघा गहाण टाकू नये.

सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया करू नये. आधी सूज उतरावी, गुडघा पूर्ण सरळ व्हावा आणि मांडीचा स्नायू आवळता यावा. याला तीन-चार आठवडे लागतात आणि पुढे त्याचा फायदा मिळतो. याच काळात कुटुंबाने खर्चाची चौकशी करावी. २०१६ पासून गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे; आपली नेमकी शस्त्रक्रिया आणि इस्पितळ तिच्यात बसते का, हे आधीच विचारून घ्यावे. फिजिओथेरपीचा खर्चही हिशेबात धरावा, कारण पैसे बहुधा तिथेच कमी पडतात आणि नेमके तेच चालू राहायला हवे असते.

पुनर्वसन

शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची. खरे काम त्यानंतरच्या नऊ-बारा महिन्यांत. हे खेळाडूच्या घरच्यांना आणि प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

पहिल्या दोन आठवड्यांत दोनच उद्दिष्टे: गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा पुढचा स्नायू पुन्हा जागा करणे. जमिनीवर पाय पसरून बसावे, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. टाच वर राहील आणि गुडघ्याखाली पोकळी राहील. आता मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू जमिनीकडे दाबावी, मनात पाच अंक मोजावेत, सोडावे. वाटी वर सरकताना बोटाला जाणवली पाहिजे. वाटी हलत नसेल तर स्नायू अजून झोपलेला आहे. दर तासाला दहा वेळा हे केले तर दोन आठवड्यांत फरक दिसतो. पुष्कळजण गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात, कारण दुखणे कमी वाटते. त्याने गुडघा वाकलेलाच राहण्याची सवय लागते आणि पुढे लंगडणे जात नाही. उशी टाचेखाली ठेवावी, गुडघ्याखाली कधीही नाही. कुबड्या लंगडणे थांबेपर्यंत वापराव्यात. लाजून लवकर सोडू नयेत.

सहाव्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ फसवा असतो. दुखणे गेलेले, सूज उतरलेली, खेळाडू सहज चालतो, स्कूटर चालवतो. नेमक्या याच काळात नवा अस्थिबंध सर्वांत कमकुवत असतो, कारण जुन्या पेशी मरून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरत असतात. मित्रांनी बोलावले म्हणून संध्याकाळी पाच मिनिटे चेंडू लाथाडणे या काळात सगळे मातीमोल करू शकते. या आठवड्यांत जागच्या जागी सायकल, भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे, पायरी चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे एवढेच. जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर छातीभर पाण्यात चालता येते. वास्कोजवळच्या बायणा किंवा बोगमाळोच्या किनाऱ्यावर जायचे तर समुद्र शांत असेल तेव्हाच, आणि लाटांत उभे राहायचे नाही. कोरडी, भुसभुशीत वाळू या टप्प्यात टाळावी. पाऊल तिच्यात वेडेवाकडे रुतते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सरळ रेषेत धावणे सुरू करता येते. तेही सूज नसेल, गुडघा पूर्ण हलत असेल आणि दुखऱ्या पायावर दहा वेळा एका पायाने बसून उठता येत असेल तर. हे आरशासमोर करून पाहावे. खाली बसताना गुडघा अंगठ्याच्या आत झुकला, कंबर एका बाजूला पडली तर धावायची वेळ आलेली नाही. पुढच्या महिन्यांत वजनांचे व्यायाम, उड्या, थांबणे, मग वळणे, मग चेंडू, मग एका सहकाऱ्याबरोबर आणि शेवटी पूर्ण संघाबरोबर सराव. प्रत्येक वाढीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पाहावा. सूज दिसली तर एक पायरी मागे यावे.

शस्त्रक्रियेनंतर दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पोटरी एका बाजूची सुजली, गरम आणि दुखरी झाली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागले तर जंतुसंसर्ग. दोन्ही वेळी फिजिओच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

परत कधी

हा प्रश्न पहिल्या आठवड्यापासून विचारला जातो आणि त्याचे उत्तर कॅलेंडर एकटे देऊ शकत नाही. ऑस्लो आणि डेलावेअर येथील संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले तितका पुन्हा दुखापतीचा धोका उतरत गेला. प्रत्येक महिन्यामागे जवळजवळ निम्म्याने. ज्यांनी ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पार करूनच मैदान गाठले, त्यांच्यात हा धोका आणखी खूप कमी होता. पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया करून खेळात परतलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची एसीएलची दुखापत पुन्हा होते. म्हणून नऊ महिने ही किमान मर्यादा धरावी. तिच्यासोबत दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के असावी. ही उडी मोजायला महागडे यंत्र लागत नाही. मोजपट्टी, खडू आणि सपाट जमीन पुरते.

मनाची तयारी हा तितकाच खरा भाग. शरीर तयार असूनही खेळाडू पाय आखडता घेतो, चेंडूसाठी झेपावत नाही. हा भित्रेपणा नव्हे, शरीराने धरलेली आठवण आहे. तिच्याविषयी प्रशिक्षकाशी उघड बोलावे, आणि प्रशिक्षकाने त्याला टोमणे मारू नयेत.

भारतीय बचावपटू संदेश झिंगनचे उदाहरण गोव्यातल्या प्रेक्षकांनी जवळून पाहिलेले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुवाहाटीतल्या सराव सामन्यात त्याचा एसीएल तुटला आणि पूर्ण हंगाम हातचा गेला. २०२०-२१ मध्ये महामारीमुळे इंडियन सुपर लीगचे सगळे सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, प्रेक्षकांविना झाले. घरोघरी टीव्हीवर दिसलेल्या त्याच हंगामात तो एटीके मोहन बागानकडून परतला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरवले. महामारीने लांबवलेली ती विश्रांती त्याच्या गुडघ्याला लाभली असे म्हणायला हरकत नाही. पुढे एफसी गोवाचा खेळाडू असताना जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात पुन्हा गुडघा दुखावला आणि त्याला उरलेला हंगाम बाहेर बसावे लागले. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे स्टीपलचेसमध्ये पडला. एसीएल आणि गादी दोन्हींना इजा झाली, आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा सोडून त्याने शस्त्रक्रियेची वाट धरली. आशियाई सुवर्णपदक मिळवलेला खेळाडू जागतिक स्पर्धा सोडू शकतो, तर गावच्या चषकासाठी गुडघ्यात इंजेक्शन घेऊन उतरण्याला काही अर्थ उरत नाही. वेदनाशामक इंजेक्शनाने दुखणे जाते, इजा जात नाही. आणि दुखणे हीच त्या वेळची एकमेव राखण असते.

हळूहळू जडणारी दुखणी

सगळी दुखणी एका क्षणात होत नाहीत. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांना वाटीच्या खालच्या टोकाशी उडी मारताना कळ येते. तो वाटीखालच्या स्नायुबंधावरचा ताण असतो. पूर्ण विश्रांतीने तो तात्पुरता थांबतो आणि खेळ सुरू होताच परततो. उड्या कमी करून जड, संथ वजनांचे व्यायाम तीन महिने केले तर खरा फरक पडतो. दहा ते पंधरा वयाच्या मुलांना वाटीखाली नडगीवर टेंगूळ येते आणि दुखते. वाढत्या हाडाच्या टोकावर स्नायूची ओढ पडल्याने हे होते आणि वाढ पूर्ण झाली की थांबते. अशा मुलाला घाबरवू नये. पण शाळेचा संघ, क्लब आणि वाड्यावरचा खेळ असे रोज तीन ठिकाणी खेळवूही नये. नी-कॅपने ऊब आणि धीर मिळतो, संरक्षण फारसे नाही.

वीस मिनिटांची तयारी

दुखापत टाळण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय फुकट आहे. फिफाने तयार करवून घेतलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्म-अप वीस मिनिटांचा. आठ मिनिटे संथ धावणे, दहा मिनिटे ताकद, तोल आणि उड्या, शेवटची दोन मिनिटे वेगात धावणे आणि वळणे. एकूण पंधरा व्यायाम. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तो नियमाने करणाऱ्यांच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. यासाठी लागतात सहा शंकू, एक चेंडू आणि चिकाटी. आठवड्यातून निदान दोनदा, वर्षभर. सामन्याआधी दोन फेऱ्या धावून गोलवर चेंडू मारणे म्हणजे तयारी नव्हे.

यातला एक व्यायाम तरी प्रत्येकाने शिकावा. गुडघ्यांवर उभे राहावे, सहकाऱ्याने मागून घोटे घट्ट धरावेत, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जावे. मांडीच्या मागच्या स्नायूने जमेल तितके धरावे, मग हात टेकावेत. सुरुवातीला तीन वेळाही जमत नाही. चौथ्या आठवड्यात दहा होतात. हाच स्नायू नडगीला पुढे सरकण्यापासून मागे खेचतो आणि एसीएलचा भार हलका करतो.

प्रत्येक क्लबने, मग तो मुरगाव तालुक्यातला असो की मांद्रे किंवा मयेसारख्या गावातला, सामन्याच्या दिवशी मैदानावर बर्फाची पेटी, चार क्रेप बँडेज आणि कुबड्यांची एक जोडी ठेवावी. दुखावलेल्या खेळाडूला बाहेर काढण्याचा शेवटचा शब्द प्रशिक्षकाकडे न ठेवता दुसऱ्या एका प्रशिक्षित व्यक्तीकडे द्यावा. आणि नऊ महिने घरी बसलेल्या मुलाला या काळात एकटे पाडू नये. त्याला सरावाला बोलवावे, ज्युनियर मुलांचा वॉर्म-अप त्याच्याकडून घ्यावा, रेफरीच्या परीक्षेला बसवावे. पालकांनीही पुढच्या स्पर्धेची तारीख विचारण्याआधी फिजिओला एवढेच विचारावे: दोन्ही पायांची उडी आज सारखी भरली का?